ट्रायम्फ टी१४०ची ऑइल गळती: पुशरॉड ट्यूबची सील चारदा बदलूनही का थांबत नव्हती

माझी गाडी १९७७ची ट्रायम्फ बोनव्हिल टी१४०व्ही, ७५० सीसी, पाच गिअरची. तिचा त्रास एकच होता, पुढच्या पुशरॉड ट्यूबच्या (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे ज्यात असतात ती उभी नळी) बुडाशी ऑइल यायचं, तिथून फिन्सवर पसरायचं, क्रँककेसवरून (इंजिनचं खालचं कवच) खाली ओघळायचं आणि वीस मैल फिरून आलं की दोन्ही बूट तेलकट. २०१९ला गाडी घेतली तेव्हापासून त्या ट्यूबची सील मी तीनदा बदलली, एकदा इथल्या एका वर्कशॉपने बदलून दिली, आणि दर वेळी पहिले पन्नास-साठ मैल गाडी कोरडी राहायची आणि मग परत तेच सुरू. शेवटी कारण सापडलं तेव्हा कळलं की सीलचा दोष नव्हताच, दोन वेगळ्याच गोष्टी होत्या, आणि त्या दोन्ही जुन्या ब्रिटिश ट्विनमध्ये (दोन सिलिंडरच्या गाड्यांत) इतक्या सर्रास असतात की सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय, ज्याची गाडी अशीच परत परत गळते त्याला उपयोग होईल.

आधी एक सांगतो. गळतीचं कुणालाही विचारलं की उत्तर येतं, ब्रिटिश गाडी आहे, गळणारच. मला हे अजिबात पटत नाही. मी कॉव्हेंट्रीत राहतो, मेरिडन इथून दहा-पंधरा मिनिटांवर. १९४०च्या बॉम्बहल्ल्यात कॉव्हेंट्रीतला कारखाना गेला, मग १९४२ला ट्रायम्फ मेरिडनला आली आणि १९८३पर्यंत गाड्या तिथेच बनल्या. आता तिथे घरं आहेत, गल्ल्यांची नावं बोनव्हिल क्लोज आणि डेटोना ड्राइव्ह. ज्यांनी त्या गाड्या बनवल्या त्यांनी जॉइंट कोरडे राहावेत म्हणूनच बनवले होते. पन्नास वर्षांत दहा हातांनी उघडून, चुकीच्या पान्याने आवळून, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटून जी अवस्था होते ती डिझाइनच्या खात्यावर टाकायची हे बरोबर नाही. गाडी कोरडी होते, वेळ लागतो एवढंच.

हे सगळं मेरिडनच्या जुन्या ६५० आणि ७५० युनिट इंजिनांबद्दल (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात) आहे, म्हणजे १९६३नंतरच्या. हिंकलीच्या नव्या बोनव्हिल आणि आपल्या चाकणला बनतात त्या ४०० वाल्या ट्रायम्फ यांचं इंजिन पूर्ण वेगळं, त्यांना यातलं काही लागू नाही. बीएसए ए६५ आणि नॉर्टन कमांडोला बरंचसं लागू होतं, फक्त जागा बदलतात.

पहिली गोष्ट, गळतंय कुठून ते डोळ्यांनी बघा. सोपं वाटतं पण बहुतेक जण इथेच चुकतात, मीही चुकलो. ऑइल वरून खाली येतं आणि गाडी चालू असताना वाऱ्याने पुढून मागे जातं, त्यामुळे जिथे ओलं दिसतं त्याच्या वर आणि पुढे मूळ असतं. पुशरॉड ट्यूब तर रॉकर बॉक्सच्या (हेडवरचा, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचा डबा) बरोबर खाली, वरून ओघळ आला की ट्यूबवरूनच उतरणार आणि खालच्या सीलपाशी साचणार, बघणाऱ्याला वाटणार सील गेलं. म्हणून आधी इंजिन रॉकेलने आणि ब्रशने पूर्ण धुवायचं, फिन्सच्या मधली घाणसुद्धा, मग डिग्रीजर, मग पाणी, मग कॉम्प्रेसरच्या हवेने कोरडं. कार्ब्युरेटरची तोंडं आणि पॉइंटचं (ठिणगीची वेळ ठरवणारा स्विच) झाकण पिशवी बांधून झाकून घ्या. पूर्ण वाळल्यावर टाल्कम पावडर मारायची, साधी बाळाची पावडर चालते, पातळ थर सगळीकडे. मग गाडी स्टँडवर चालू करून पाच मिनिटं, बंद करून टॉर्चने बघायचं, परत पाच मिनिटं, परत बघायचं. पावडरवर पहिला डाग पडतो ती जागा. नंतर पावडर परत मारून तीन-चार मैल जाऊन यायचं, कारण काही गळती फक्त लोड आल्यावरच दिसते. माझ्या गाडीत स्टँडवर काहीच दिसलं नाही, चार मैलांनी दिसलं.

कुठलं ऑइल आहे तेही बघा. इंजिनचं २०डब्ल्यू५० वापरलेलं असेल तर काळपट, गिअरबॉक्सच्या ईपी९०ला गंधकासारखा उग्र वास येतो, एकदा नाकाला कळला की विसरत नाही. मागच्या चाकाच्या आसपासचा काळा चिकट थर बऱ्याचदा नुसतं चेनचं ऑइल असतं, त्यासाठी इंजिन उघडू नका.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, क्रँककेसमधलं प्रेशर. या इंजिनात दोन्ही पिस्टन एकदम वर जातात आणि एकदम खाली येतात, ३६० डिग्रीचा क्रँक म्हणतात तो हाच, एडवर्ड टर्नरच्या १९३७च्या स्पीड ट्विनपासून चालत आलेला. एक वर एक खाली असतं तर खालची हवा इकडची तिकडे सरकली असती, पण इथे दोघं मिळून खाली येतात, म्हणजे ७५०च्या इंजिनात जवळपास पाऊण लिटर हवा दर फेऱ्याला खाली दाबली जाते आणि तिला बाहेर जायला वाट लागते. ती वाट म्हणजे ब्रीदर. तो चोंदला, पिळला, किंवा पिस्टनच्या रिंगा झिजून वरून गॅस खाली यायला लागला, की हवा दुसरी वाट शोधते, आणि जिथे पॅकिंग सगळ्यात कमजोर तिथून ऑइल घेऊन बाहेर पडते. तुम्ही ते पॅकिंग बदलता, ते जरा मजबूत होतं, मग दुसऱ्या कमजोर जागेवरून. आज रॉकर बॉक्स, पुढच्या महिन्यात पॉइंटच्या मागचं सील, मग चेनकेस (इंजिनकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनचं कवच). गळती अशी फिरत असेल तर पॅकिंगचा पुडा बाजूला ठेवा आणि ब्रीदर बघा.

ब्रीदर कुठला आहे ते सालावर आहे. १९६९पर्यंतच्या युनिट ६५०मध्ये इनटेक कॅमशाफ्टच्या टोकाला एक फिरती चकती असते, ती ठरलेल्या वेळी भोक उघडते आणि बंद करते, तिथून पातळ पाइप बाहेर येतो. १९७०च्या मॉडेलपासून ती पद्धत काढली, आणि क्रँककेसची हवा डाव्या मेन बेअरिंगमधून आणि भिंतीतल्या तीन छोट्या भोकांतून प्रायमरी चेनकेसमध्ये यायला लागली, तिथून चेनकेसच्या मागच्या बाजूने जाड पाइपने बाहेर. टी१४०ला हीच पद्धत. ती तीन भोकं दोन कामं करतात, हवा सोडतात आणि चेनकेसमधलं जास्तीचं ऑइल परत क्रँककेसला देतात, म्हणून टी१४०चं चेनकेस आपली लेव्हल आपणच राखतं. आधीच्या मालकाने अडाणीपणाने ती भोकं बुजवलेली मी एका ओळखीच्याच्या गाडीत पाहिलीत, चेनकेस वेगळं करायच्या नादात. क्रँकला तिथे आधीसारखं सीलही बसवलं होतं. ती गाडी सगळीकडून गळत होती.

माझ्या गाडीत भोकं मोकळी होती. पण तो जाड पाइप सीटखालून मागच्या मडगार्डकडे जातो, तिथे मडगार्ड आणि फ्रेम यांच्या मध्ये तो दाबला गेला होता, रबर जुनं होऊन आत मऊ पडलेलं, वरून गोल दिसायचा आणि आत चपटा. तो काढून फुंकून बघितला तर हवा कशीबशी जात होती. हे बघायला मला तीन वर्षं लागली, काम दहा मिनिटांचं. नवीन पाइप घेताना ऑइलला टिकणारा घ्या, साधा पाण्याचा पाइप घेऊ नका, तो सहा महिन्यांत मऊ पडतो. आणि वाकवताना कुठे मोडत नाहीये ना ते सीटवर माणूस बसवून बघा, कारण सीट दाबली की काय होतं ते उभ्या गाडीत दिसत नाही.

पाइप मोकळा असूनही शंका असेल तर पाइपचं टोक एका रिकाम्या स्वच्छ बाटलीत सोडा आणि पाच-दहा मैल जाऊन या. पाण्यात किंवा ऑइलमध्ये टोक बुडवू नका, हा पाइप नुसता बाहेर फेकत नाही, आत ओढतोसुद्धा. बाटलीत थोडा ओलावा किंवा चमचाभर पांढरट ऑइल, ठीक आहे. अर्धा कप जमा झालं तर एकतर रिंगा गेल्यात नाहीतर क्रँककेसमध्ये ऑइल साठतंय. रिंगांसाठी कॉम्प्रेशन बघा, आणि जमलं तर लीकडाउन टेस्ट करा, सिलिंडरमध्ये हवा भरून ब्रीदरच्या पाइपच्या टोकापाशी कान लावला की फुसफुस ऐकू येते. रिंगा गेल्या असतील तर जगातलं कुठलंही पॅकिंग ते इंजिन कोरडं ठेवणार नाही, आधी सिलिंडर बोर करून नव्या रिंगा.

बरेच जण ब्रीदरच्या पाइपमध्ये एकतर्फी रीड व्हॉल्व्ह बसवतात, यामाहा एक्सएस६५०साठी मिळतो तो. हवा बाहेर जाते, परत आत येत नाही, त्यामुळे क्रँककेसमध्ये थोडा व्हॅक्यूम राहतो आणि जॉइंटवर ताण कमी येतो. चांगली गोष्ट आहे, पण इंजिनच्या जितका जवळ तितका उपयोग, आणि मूळ पाइप नीट केल्याशिवाय बसवायची घाई करू नका. मी बसवलेला नाही, गरज पडली नाही.

क्रँककेसमध्ये ऑइल साठण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण यावरून खूप गोंधळ होतो. ही इंजिनं ड्राय संप आहेत, ऑइल वेगळ्या टाकीत असतं, आणि १९७१पासून ती टाकी म्हणजे फ्रेमचाच मधला जाड पाइप. टाकी वर, इंजिन खाली. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की पंपातल्या बॉल व्हॉल्व्हमधून ऑइल हळूहळू खाली क्रँककेसमध्ये झिरपतं. मग रविवारी तुम्ही येता, ऑइल तपासता, कमी दिसतं, टॉपअप करता, किक मारता, निळा धूर, आणि पाच मिनिटांत पंप खालचं सगळं ऑइल वर नेतो, आता टाकीत अर्धा लिटर जास्त. ते ब्रीदरमधून बाहेर पडतं, मागच्या टायरवर येतं, आणि माणूस म्हणतो इंजिन गळतंय. म्हणून ऑइलची लेव्हल नेहमी गाडी फिरवून आणल्यावरच बघायची. टी१४०ला एकूण ऑइल ४ पिंट, म्हणजे साधारण २.३ लिटर, त्यापेक्षा जास्त भरून काही फायदा नाही.

थोडं झिरपणं नॉर्मल आहे. आठवडाभरातच अर्धी टाकी खाली येत असेल तर पंप काढा, टायमिंग कव्हरच्या आत आहे, दोन नटांवर. खालचे दोन चौकोनी प्लग उघडले की स्प्रिंग आणि बॉल. फीडच्या बाजूचा बॉल नीट बसत नसेल तर उभ्या गाडीत ऑइल खाली येतं, रिटर्नच्या बाजूचा नीट बसत नसेल तर चालू गाडीत खालचं ऑइल वर जात नाही. बहुतेक वेळा बॉलखाली कचऱ्याचा एक कण असतो, धुवून, सीट साफ करून, बॉल सीटवर ठेवून पितळी दांड्याने हलकी एक टिचकी मारायची आणि मग तो बॉल टाकून नवीन घालायचा. काही जण यावर उपाय म्हणून ऑइलच्या पाइपमध्ये नळ बसवतात. मी कळकळीने सांगतो, बसवू नका. ज्या दिवशी नळ उघडायचा राहील त्या दिवशी इंजिन जाम होईल, आणि एक ना एक दिवस तो राहतोच. गळणारं ऑइल पुसता येतं, गेलेला क्रँक परत येत नाही.

आता पुशरॉड ट्यूब. माझा पाइप बदलल्यावर गळती निम्म्याहून कमी झाली, पण पूर्ण थांबली नाही, म्हणजे दुसरं कारण शिल्लक होतं.

या दोन ट्यूब, एक पुढे एक मागे, हेड आणि खालच्या टॅपेट ब्लॉकच्या मध्ये उभ्या असतात, वरती एक सील, खाली एक सील, आणि हेड आवळलं की ही सील दाबली जातात. यांना स्वतःचा बोल्ट नाही. म्हणजे सील किती दाबलं जाणार हे तुमच्या हाताच्या जोरावर नाही, ट्यूबची लांबी, सीलची जाडी आणि हेडच्या पॅकिंगची जाडी या तिघांवर ठरतं. हे एकदा डोक्यात बसलं की सगळं उलगडतं. पॅकिंग जाड असेल तर हेड वर राहतं, सील पुरेसं दाबलं जात नाही, गळतं. उलट सील फार जाड असेल तर हेड सीलवरच टेकून राहतं, पॅकिंगवर पुरा दाब येत नाही, आणि मग हेडचं पॅकिंग उडतं, जे गळतीपेक्षा वाईट.

त्यामुळे मोजायचं. हेड काढलेलं आहे, ट्यूब नवीन सीलांसकट जागेवर उभ्या, आणि हेड पॅकिंग न लावता नुसतं वरून ठेवायचं, बोल्ट नाही, हाताने सारखं बसवायचं. आता हेड आणि ब्लॉक यांच्या मध्ये फट दिसेल, ती फिलर गेजने चारी बाजूंनी मोजायची. त्या फटीतून पॅकिंगची जाडी वजा करा, उरेल तेवढं सील दाबलं जाणार. ३० ते ४० थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असावं. माझी फट आली ८५ थाऊ, आणि काढलेलं तांब्याचं पॅकिंग मायक्रोमीटरने मोजलं तर ८० थाऊ. म्हणजे सील दाबलं जात होतं फक्त ५ थाऊ! आधीच्या कुठल्या मालकाने कॉम्प्रेशन कमी करायला जाड पॅकिंग घातलं असणार, आणि पुढे प्रत्येकाने, मी आणि ते वर्कशॉपसुद्धा, पॅकिंग चांगलं दिसतंय म्हणून तेच परत वापरलं आणि सील मात्र दर वेळी नवी. नवीन सील पहिले पन्नास मैल स्वतःच्या ताजेपणावर धरायचं, गरम होऊन जरा बसलं की संपलं. ५० थाऊचं पॅकिंग आणलं, ८५ वजा ५०, म्हणजे ३५. तेव्हापासून ती जागा कोरडी आहे.

ट्यूबची टोकं बोटाने चाचपून बघा. क्रोम उडून पापुद्रे आलेले असतील तर ते नव्या सीलला कापतात, बारीक पॉलिश पेपरने साफ करा किंवा ट्यूबच बदला. सील घेताना काळ्या साध्या रबरापेक्षा व्हायटॉन किंवा सिलिकॉनची घ्या, गरमीत कडक होत नाहीत. खालच्या सीलभोवती धातूची कडी असेल तर ती हरवू नका, सील बाहेर पसरू नये म्हणून आहे ती. आणि ऑइल ट्यूबच्या बाहेरून नाही, टॅपेट ब्लॉक आणि सिलिंडरच्या मधून येत असेल तर तिथे एक ओ-रिंग आहे, त्यासाठी मात्र सिलिंडर ब्लॉक उतरवावा लागतो आणि टॅपेट ब्लॉक ठोकून काढावा लागतो, इलाज नाही. ब्लॉक उतरवलाच आहे तर रिंगा आणि बेसचं पॅकिंग त्याच वेळी बघून घ्या.

तांब्याचं पॅकिंग परत वापरायचं असेल तर नरम करून. दोऱ्याला टांगून टिचकी मारा, टणटण वाजलं तर कडक आहे. गॅसच्या बर्नरवर किंवा टॉर्चने सगळीकडून मंद लाल होईपर्यंत तापवायचं आणि पाण्यात बुडवायचं, मग टिचकीला बद्द आवाज येतो. वरची काळी खपली पूर्ण काढायची. साताऱ्याला मामांच्या गॅरेजमध्ये बुलेटचे तांब्याचे वॉशर असेच शेगडीवर लाल करून बादलीत टाकताना लहानपणी बघितलंय, तेव्हा कारण माहीत नव्हतं. हेड आवळताना मॅन्युअलमधल्या क्रमाने, आकडा एकदम न गाठता तीन टप्प्यांत, टी१४०ला १० बोल्ट आहेत आणि ६५०ला ९. शंभर मैल झाले की इंजिन पूर्ण गार असताना परत एकदा टॉर्क बघायचा आणि त्यानंतर टॅपेटची फट, इनटेक ८ थाऊ, एक्झॉस्ट ६ थाऊ. हे शंभर मैलांनंतरचं आवळणं लोक टाळतात कारण रॉकरची झाकणं उघडावी लागतात, पण याच्याशिवाय वरचं सगळं वाया.

रॉकर बॉक्सची गळती बहुतेक करून पृष्ठभागाची असते. बॉक्स काढा, जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवा, थोडं रॉकेल, आणि बॉक्स आठच्या आकारात हलक्या हाताने घासा. दहा-बारा फेऱ्यांनंतर उचलून बघा, जिथे चमक आली नाही तिथे खड्डा. बोल्टच्या भोकांच्या कडा जास्त आवळल्यामुळे वर उचललेल्या असतात, त्या मोठ्या ड्रिल बिटने हाताने एक फिरकी देऊन खाली घ्या. हेच चेनकेसच्या कव्हरला, हेच टायमिंग कव्हरला. टायमिंग कव्हरला पॅकिंगच नाही, नुसता पातळ लेप, म्हणून तिथला एक ओरखडासुद्धा गळतो. जॉइंट उघडताना फटीत स्क्रूड्रायव्हर घालू नका, लाकडी ठोकळा ठेवून रबरी हातोड्याने मारा.

रॉकर स्पिंडलची ओ-रिंग छोटी आहे पण फार छळते. नवीन घालून स्पिंडल आत ढकललं की बॉक्सच्या कडेवर ती कापली जाते, बाहेरून दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशी गळती. शिमच्या पातळ पत्र्याची निमुळती नळी करून त्यातून ढकला, ऑइल लावून, सावकाश. वर जो ऑइलचा पाइप येतो त्याच्या डोम नटांचे तांब्याचे वॉशर दर वेळी नरम करायचे, एका हाताने पाइप धरून नट आवळायचा म्हणजे पाइप पिळला जात नाही. ६५०च्या रॉकर बॉक्सवरच्या आट्यांच्या गोल टोप्या कंपनाने सैल होऊन रस्त्यात पडतात, त्यांच्याकडे दर राइडआधी बघा.

बाकी जागा पटापट सांगतो. पॉइंटच्या डब्यात ऑइल आलं तर मागचं सील, पण आधी ब्रीदर. ऑइल प्रेशर स्विच टायमिंग कव्हरच्या पुढे असतो, तो गळतो म्हणून जोर लावला की कव्हरला तडा जातो, वॉशर किंवा लेप बदला, जोर नको. अल्टरनेटरची वायर चेनकेसमधून बाहेर येते तिथला रबरी बूच बघा, आणि कधी कधी ऑइल वायरच्या आवरणाच्या आतून चढत जातं आणि भलतीकडे टपकतं, तिथे आवरण आणि तारा यांच्या मध्ये सीलंट भरावा लागतो. पुढच्या स्प्रॉकेटमागचं गिअरबॉक्सचं सील गेलं तर ईपी९० चेनवर आणि मागच्या टायरवर जातं. ही गळती असेल तर गाडी चालवू नका, वळणावर टायर सुटतो. क्रँककेस उभी दुभंगते, डावं उजवं, त्यामुळे तळाला मधोमध जॉइंट आहे, तिथून खरंच गळत असेल तर पूर्ण इंजिन खोलण्याशिवाय उपाय नाही, बाहेरून लेप थापून काही होत नाही. पण तळाला दिसणारं बहुतेक ऑइल वरून आलेलं असतं, म्हणून तिथवर शेवटी जा.

लेपाबद्दल. सिलिकॉन या इंजिनात मी वापरत नाही. दोन पृष्ठभागांमधून जे बाहेर येतं तेवढंच आतही जातं, त्याचा दोरा सुटतो आणि ऑइलच्या भोकात अडकतो. हायलोमार किंवा वेलसील, बोटाने पातळ, एवढं पातळ की खालचा धातू दिसला पाहिजे, दहा मिनिटं थांबायचं आणि मग जोडायचं. आपल्याकडे बुलेटचे मिस्त्री शेलॅक लावतात, तेही चालतं, फक्त पुढच्या वेळी उघडताना त्रास होतो.

आणि पाने. १९६०च्या दशकाच्या शेवटी आटे बदलत गेले, आधीचे सायकल आटे आणि व्हिटवर्थ, नंतरचे युनिफाइड, आणि मधल्या दोन-तीन सालांत एकाच इंजिनावर दोन्ही. चुकीचा बोल्ट अर्धा जातो, घट्ट झाल्यासारखा वाटतो, आणि जॉइंटवर दाबच येत नाही. माझ्या चेनकेसचे दोन स्क्रू असेच निघाले, आटे खाल्लेले, तिथे हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घातले.

माझ्या गाडीचं सध्याचं असं आहे. पाइप आणि पॅकिंग बदलून १४०० मैल झाले, मधल्या काळात वेल्सपर्यंत जाऊन आलो, रॉकर बॉक्स आणि ट्यूब कोरड्या, बूट कोरडे. खाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर आठवड्याला एक थेंब पडतो, वास ईपी९०चा, आणि पावडर मारली तेव्हा किकस्टार्टच्या शाफ्टपाशी डाग आला. तिथली ओ-रिंग मागवली आहे, येत्या शनिवारी बाहेरचं कव्हर काढीन.